एकोणतीस अंकांची संख्या : जैन गणितपरंपरेतील एक कसोटी

कामशेतजवळील पाले गावच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. कार्ला आणि भाजे येथील लेण्यांप्रमाणे तेथे भव्य चैत्यगृह नाही, शिल्पांची आरास नाही. तरीही महाराष्ट्रातील जैन समाजाच्या इतिहासात या लेण्याला मानाचे स्थान आहे. त्याच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरलेला एक छोटा शिलालेख आहे. 'नमो अरहंतानं' या मंगलवचनाने त्याची सुरुवात होते. भदंत इंदरखित, म्हणजेच इंद्ररक्षित, यांनी हे लेणे आणि पाण्याची पोढी करविली, असा त्यात उल्लेख आहे. डॉ. ह. धी. सांकळिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी १९६९ च्या सुमारास हा लेख विद्वानांपुढे आणला. अक्षरांच्या वळणावरून तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील ठरतो. मावळच्या या कातळावर अरिहंतांचे स्मरण दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकून आहे.

दगडावर कोरलेले स्मरण टिकते, हे समजण्यासारखे आहे. परंतु ज्या काळी ग्रंथ मुखोद्गत करून जपले जात, त्या काळी एखादी प्रचंड संख्या, तिचा एकही अंक न चुकवता, पिढ्यानपिढ्या कशी जपली गेली असेल? जैन आगमांत आणि सिद्धांतग्रंथांत अशी एक संख्या आहे. ती एकोणतीस अंकांची आहे. तिची जडणघडण, तिचे गुणधर्म आणि तिच्यावरून झालेला एक महत्त्वाचा वाद यांचा परिचय करून देणे, हा या लेखाचा हेतू आहे.

कातळावरचे आकडे

मावळाच्या उत्तरेस, जुन्नर तालुक्यातील नाणेघाटात, सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या दक्षिणांची यादी त्यात असल्यामुळे अनेक आकडे कोरलेले आढळतात. त्यांत चोवीस हजार चारशे कार्षापणांसारखा मोठा आकडाही आहे. मात्र तो आजच्या पद्धतीने २४,४०० असा लिहिलेला नाही. एकक, दहा, वीस, शंभर, हजार यांना त्या काळी स्वतंत्र चिन्हे होती. चार हजार लिहावयाचे असल्यास हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडीत असत. शून्याचे चिन्ह त्या लेखात नाही. आकड्याचे मूल्य त्याच्या स्थानावरून ठरविण्याची पद्धतही त्यात दिसत नाही.

अशा लेखनपद्धतीत काही हजारांपर्यंत व्यवहार सुखाने चालतो. मात्र पुढील काही शतकांत संकलित झालेल्या जैन ग्रंथांना याहून कितीतरी मोठ्या राशींचा विचार करावयाचा होता. जीवद्रव्याचे प्रमाण किती, काळाचे माप कोठपर्यंत जाते, लोकाचा विस्तार किती, हे प्रश्न त्यांच्या दृष्टीने तत्त्वज्ञानाचेच प्रश्न होते. त्यांना 'पुष्कळ' किंवा 'अगणित' असे मोघम उत्तर पुरेसे वाटले नाही. संख्यात, असंख्यात आणि अनंत असे तीन वर्ग त्यांनी कल्पिले. संख्यात म्हणजे मोजता येण्याजोगे. मग ते कितीही मोठे असो, त्याचा निश्चित आकडा सांगता आला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

संख्येची जडणघडण

आर्यरक्षितसूरींच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या अनुयोगद्वारसूत्रात पर्याप्त गर्भज मनुष्यांच्या संख्येची चर्चा येते. ती संख्या एकोणतीस 'स्थानां'ची आहे, असे तेथे सांगितले आहे. स्थान हा शब्द येथे लक्षणीय आहे. आकड्यांची जागा मोजण्याची कल्पना त्यातून सूचित होते, आणि म्हणूनच भारतीय गणिताच्या इतिहासकारांनी या उल्लेखाची आवर्जून दखल घेतली आहे.

परंतु केवळ अंकांची संख्या सांगून सूत्रकार थांबले नाहीत. ती राशी कशी सिद्ध करावयाची, याच्या दोन रीती त्यांनी दिल्या. पहिली रीत वर्गांची आहे. दोनाचा वर्ग चार, हा पहिला वर्ग. चाराचा वर्ग सोळा, हा दुसरा. सोळाचा वर्ग २५६, हा तिसरा. २५६ चा वर्ग ६५,५३६, हा चौथा. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, हा पाचवा. पाचव्याचा वर्ग १८४४६७४४०७३७०९५५१६१६, हा सहावा. या सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणले की इष्ट संख्या मिळते.

दुसरी रीत त्याहून सोपी आहे. जी राशी लागोपाठ शहाण्णव वेळा निम्मी करता येते आणि अखेरीस एक उरतो, ती ही संख्या. आजच्या भाषेत तिला दोनाचा ९६ वा घात म्हणतात. तिचे पूर्ण रूप असे आहे :

७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६

दोन्ही रीतींनी एकच संख्या का येते, हे पाहण्यासारखे आहे. पाचवा वर्ग म्हणजे दोन ही संख्या ३२ वेळा मांडून केलेला गुणाकार. सहावा वर्ग म्हणजे दोन ही संख्या ६४ वेळा मांडून केलेला गुणाकार. दोहोंचा गुणाकार केला की दोन ३२ अधिक ६४, म्हणजे ९६ वेळा येतो. एखादी राशी किती वेळा निम्मी होते, त्या गणतीला सिद्धांतग्रंथांत 'अर्धच्छेद' असे नाव आहे. गुणाकार केला असता अर्धच्छेदांची बेरीज होते आणि भागाकार केला असता वजाबाकी होते, हा नियम धवला टीकेत वापरलेला आढळतो. सतराव्या शतकात, १६१४ साली, जॉन नेपियर यांनी युरोपात लॉगरिदम प्रसिद्ध केले, त्यांचेही मूळ सूत्र हेच आहे. अर्थात नेपियर यांनी प्रत्यक्ष आकडेमोडीसाठी सारण्या तयार केल्या, तसे काम येथे झालेले नाही. दोहोंतील साम्य तत्त्वाचे आहे, साधनाचे नव्हे. एवढे भान ठेवूनच ही तुलना करावी.

पाचव्या वर्गाची कल्पना यावी म्हणून एक दाखला पुरेसा आहे. तो सुमारे ४२९ कोटी भरतो. जगाची लोकसंख्या २०२२ मध्ये ८०० कोटींपलीकडे गेली. म्हणजे ती पाचव्या वर्गाच्या दुपटीलाही पोहोचलेली नव्हती. सहाव्या वर्गाची ओळख तर बुद्धिबळाच्या पटावरील दाण्यांच्या लोककथेतून पुष्कळांना असेल. पहिल्या घरात एक दाणा, पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, असे करीत चौसष्ट घरे भरली की दाण्यांची एकूण बेरीज सहाव्या वर्गाहून बरोबर एकाने कमी येते.

अंगभूत गुणधर्म

या संख्येचे गुणधर्मही मनोरंजक आहेत. दोन या एकाच मूळ संख्येपासून ती घडलेली असल्याने तीन, पाच, सात अशा कोणत्याही विषम मूळ संख्येने तिला नि:शेष भाग जात नाही. तिला नि:शेष भागणाऱ्या संख्या मोजून ९७ आहेत. त्यांपैकी स्वतः ती संख्या वगळून उरलेल्या ९६ विभाजकांची बेरीज केली, तर ती मूळ संख्येहून केवळ एकाने कमी भरते.

९६ या घातांकाला अनेक विभाजक असल्यामुळे ही संख्या एकाच वेळी पूर्ण वर्ग आहे, पूर्ण घन आहे आणि चतुर्थ घातही आहे. २८१४७४९७६७१०६५६ चा वर्ग केला तरी ती मिळते. पाचव्या वर्गाचा, म्हणजे ४२९४९६७२९६ चा घन केला तरीही तीच मिळते. ६५,५३६ ही संख्या सहा वेळा मांडून गुणली तरी तोच आकडा हाती येतो. वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचता येत असल्याने गणना बरोबर आहे की नाही, हे पडताळण्याची सोयच या संख्येत आहे.

नऊचा ताळा पाहावयाचा असल्यास तोही बिनचूक जुळतो. पाचव्या वर्गातील अंकांची बेरीज ५८, तिची १३ आणि अखेर ४. सहाव्या वर्गातील अंकांची बेरीज ८८, तिची १६ आणि अखेर ७. चार साते अठ्ठावीस, त्यांची बेरीज १० आणि शेवटी १. आता एकोणतीस अंकांची बेरीज करावी. ती १२७ येते. तिची १०, आणि शेवटी १.

हीच संख्या आजच्या संगणकयुगातही वेगळ्या वाटेने अवतरली आहे. संगणकाचे गणितही दोनाच्या घातांवरच चालते. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट प्रणालीत पैशांच्या हिशेबासारख्या अचूक कामासाठी 'डेसिमल' नावाचा संख्याप्रकार आहे. त्यात आकड्यासाठी ९६ बिट राखून ठेवलेले असतात. त्यामुळे त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३५ ही आहे. आगमातील संख्येहून ती बरोबर एकाने कमी आहे. यावरून प्राचीनांना संगणक ठाऊक होता, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. दोनाच्या पटीत विचार करणारी कोणतीही पद्धती याच अंकांपाशी येऊन पोहोचते, एवढाच त्याचा अर्थ.

अक्षरांत दडलेले अंक

दहाव्या शतकात, चामुंडरायाच्या काळात, आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती यांनी गोम्मटसार हा ग्रंथ रचला. त्याच्या जीवकांडातील एका गाथेत ही संपूर्ण संख्या अक्षरांच्या संकेताने गुंफलेली आहे. या संकेतात प्रत्येक व्यंजनाला एक अंक दिलेला असतो. उदाहरणार्थ, त म्हणजे ६, ल म्हणजे ३, न म्हणजे ०, म म्हणजे ५. अंक एककस्थानापासून, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचावयाचे असतात. गाथा मुखोद्गत असली की एकोणतीस अंक आपोआप मुखोद्गत होतात. आज ती गाथा उलगडून पाहिली, तर दोनाच्या ९६ व्या घाताचा एकही अंक चुकलेला आढळत नाही.

आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ही संख्या दोन आधारांवर टिकली. एक आधार तिच्या सिद्धीच्या रीतीचा, आणि दुसरा छंदोबद्ध गाथेचा. लेखनिकाच्या हातून एखादा अंक सुटला, तर रीतीने तो पुन्हा मिळविता येई. रीतीविषयी शंका आली, तर गाथेशी ताडून पाहता येई.

धवलाकारांची शंका

या संख्येच्या इतिहासातील सर्वांत उद्बोधक प्रकरण मात्र तिच्या अचूकतेचे नाही; तिच्या स्वीकाराचे आहे.

षट्खंडागमाच्या सूत्रांत मनुष्यांच्या याच राशीची मर्यादा सांगितली आहे. ती कोडाकोडाकोडीच्या वर आणि कोडाकोडाकोडाकोडीच्या खाली आहे. तसेच ती सहाव्या वर्गाच्या वर आणि सातव्या वर्गाच्या खाली आहे, असे तेथे म्हटले आहे. कोडी म्हणजे कोटी. कोटीला कोटीने गुणले की कोडाकोडी होते. म्हणून तीनदा कोटी घेऊन केलेला गुणाकार ही खालची सीमा, आणि चारदा कोटी घेऊन केलेला गुणाकार ही वरची सीमा. वरच्या सीमेत एकावर २८ शून्ये असतात. म्हणजे तीही एकोणतीस अंकांचीच संख्या आहे.

अडचण नेमकी येथेच उभी राहते. आपली संख्या कोटीच्या टप्प्यांनी वाचली, तर ती अशी होते : सात कोडाकोडाकोडाकोडी, ९२ लाख २८ हजार १६२ कोडाकोडाकोडी, ५१ लाख ४२ हजार ६४३ कोडाकोडी, ३७ लाख ५९ हजार ३५४ कोडी, आणि ३९ लाख ५० हजार ३३६. वरची सीमा एका कोडाकोडाकोडाकोडीच्या आत असताना ही संख्या तिच्या जवळजवळ आठपट आहे. सहाव्या आणि सातव्या वर्गांच्या दरम्यान ती बसते. परंतु कोडींच्या मर्यादेत बसत नाही. अंकांची संख्या सारखीच असल्याने वरवर पाहणाऱ्याच्या हे ध्यानात येणार नाही.

आचार्य वीरसेन यांच्या मात्र हे ध्यानात आले. राष्ट्रकूटांच्या राजवटीत, इ. स. ८१६ च्या सुमारास पूर्ण झालेल्या धवला टीकेत त्यांनी या मताची परीक्षा केली. त्यासाठी त्यांनी मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ विचारात घेतले. शास्त्रात या क्षेत्राचा व्यास ४५ लाख योजने सांगितला आहे. त्यावरून परिघ एक कोटी ४२ लाख ३० हजार २४९ योजने येतो, आणि क्षेत्रफळ सुमारे १६ लाख कोटी चौरस योजने भरते. आजच्या वाचकाने भागाकार करून पाहिला, तर दर चौरस योजनामागे सुमारे ४९ कोडाकोडी मनुष्य येतात. एवढी मोठी राशी त्या क्षेत्रात सामावू शकत नाही, म्हणून हे मत ग्राह्य नाही, असा निष्कर्ष वीरसेनाचार्यांनी काढला.

मनुष्यसंख्येचा हा विचार आजच्या जनगणनेच्या अर्थाने घ्यावयाचा नाही, हे उघड आहे. तो शास्त्रातील लोकरचनेच्या चौकटीतला विचार आहे. परंतु त्या चौकटीत राहून वीरसेनाचार्यांनी केलेले कार्य लहान नाही. त्यांच्यापुढे आलेले मत अन्य आचार्यांचे होते, परंपरेने आलेले होते. त्यांनी त्याची अवहेलना केली नाही, आणि केवळ परंपरेचे म्हणून ते स्वीकारलेही नाही. त्यांनी ते मत नोंदविले, मोजमापाशी ताडून पाहिले, न जुळणारे कारण दाखविले आणि निर्णय दिला. पुढे नेमिचंद्राचार्यांनी हीच संख्या गाथेत गुंफून ठेवली. म्हणून आज ते मत आणि त्यावरील आक्षेप, दोन्ही अभ्यासकांसमोर आहेत.

मतभेद जपून ठेवण्याची ही वृत्ती श्वेतांबर परंपरेतही दिसते. काळगणनेतील शीर्षप्रहेलिका ही संख्या ८४ लाखांना ८४ लाखांनी गुणत, एकूण अठ्ठावीस वेळा ८४ लाख घेऊन सिद्ध होते. अनुयोगद्वारानुसार ती १९४ अंकांची आहे. ५४ अंक आणि त्यांवर १४० शून्ये. ज्योतिष्करंडकात मात्र तीच संज्ञा २५० अंकांच्या संख्येला दिली आहे. ७० अंक आणि त्यांवर १८० शून्ये. तेथे ८४ लाख छत्तीस वेळा घेतले आहेत. दोन वाचनांतील हा फरक झाकून टाकण्याचा प्रयत्न झाला नाही.

महाराष्ट्राचा वाटा

धवलेची ताडपत्रे शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथे जतन केलेली होती. त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचे शेठ माणिकचंद आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी पुढाकार घेतला. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांनी हिंदी अनुवादासह संपादनाचे काम अंगावर घेतले. १९३९ मध्ये अमरावतीहून पहिला खंड प्रसिद्ध झाला, आणि सोळा खंडांत हे कार्य पूर्णत्वास गेले. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील इंग्रजी निबंध समाविष्ट झाला. वीरसेनाचार्यांनी एकोणतीस अंकांच्या संख्येची केलेली परीक्षा त्या निबंधामुळे गणिताच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचली. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील महावीराचार्यांचा गणितसारसंग्रहही १९६३ मध्ये प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह सोलापूरहूनच प्रकाशित झाला.

ताळ्याचा वारसा

या मोठ्या संख्यांविषयी दोन टोकांची मते ऐकावयास मिळतात. काहींना त्या निव्वळ अतिशयोक्ती वाटतात. काहींना त्यांत आधुनिक विज्ञानाचे सर्व शोध आधीच दडलेले दिसतात. पहिले मत धारण करणाऱ्यांनी सिद्धीची रीत पाहिलेली नसते. दुसरे मत धारण करणाऱ्यांनी वीरसेनाचार्यांची शंका वाचलेली नसते. अतिशयोक्तीला ताळा नसतो. या संख्येला तो आहे. आणि सर्वज्ञतेचा दावा करणाऱ्याला आपल्याच परंपरेतील आकडा तपासून नाकारण्याची गरज वाटत नाही. वीरसेनाचार्यांना ती वाटली.

लोणावळा, कामशेत, वडगाव आणि तळेगाव येथील बाजारपेठांत आपल्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या व्यापार केला. रोजमेळ आणि खतावणी जुळल्याखेरीज वही मिटावयाची नाही, ही त्यांची शिस्त होती. आकडा मोठा आहे म्हणून तो मान्य करावयाचा नाही आणि अडचणीचा आहे म्हणून तो खोडावयाचाही नाही. तो पुन्हा मोजावयाचा, हेच त्या शिस्तीचे मर्म होते. वीरसेनाचार्यांनी शास्त्राच्या क्षेत्रात हीच शिस्त पाळली.

पाठशाळेतील मुलांना या संख्येची ओळख करून द्यावयाची असेल, तर तिची महती सांगण्यापेक्षा एक कोरा कागद त्यांच्यापुढे ठेवणे अधिक उचित ठरेल. दोनाचा वर्ग, त्याचा वर्ग, असे सहा वर्ग त्यांनी स्वतः करावेत. पाचव्याने सहाव्याला गुणावे, नऊचा ताळा पाहावा, आणि मग कोडींच्या टप्प्यांनी ती संख्या मोठ्याने वाचावी. पहिलाच 'सात' उच्चारताना वीरसेनाचार्यांना पडलेली शंका त्यांनाही पडेल.